येणार, येणार म्हणतात ते घड्याळ



जून आणि सप्टेंबर हे गॅजेटप्रेमींचे दोन सणच. जूनमध्ये ॲपलची सॉफ्टवेअर परिषद असते, सप्टेंबरमध्ये बहुतेक वेळा नवे फोन आणि नवी घड्याळं येतात. सणाच्या आधी बाजारात गर्दी होते, तशी या दोन महिन्यांच्या आधी अंदाजांची गर्दी होते. नव्या स्मार्टवॉचमध्ये काय असणार, नव्या लॅपटॉपमध्ये कोणती चिप येणार, पुढच्या अपडेटमध्ये काय बदलणार, असे लेख मराठीतही ढिगाने येतात. आज या प्रकारच्या लेखनाचं परीक्षण करू या.

पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांनी हे का वाचायचं? कारण हे लेख वरवर पाहिले तर आपल्या ‘संदर्भ साहित्याच्या आढाव्या’सारखेच दिसतात. अमुक विश्लेषक असं म्हणतो, तमुक सूत्रांनुसार तसं आहे, या सगळ्यावरून असा निष्कर्ष निघतो. मांडणी तीच. फरक कुठे आहे ते नेमकं सांगता आलं, तर स्वतःच्या आढाव्यातली भोकंही दिसायला लागतात. म्हणून आज काही खरी उदाहरणं तपासू. ती सगळी आता जुनी झाली आहेत, म्हणजे निकाल हातात आहे. भाकितांची परीक्षा घ्यायची तर पेपर आधीच तपासून झालेले घेतलेले बरे!

आधी एक चांगलं भाकीत

२ एप्रिल २०१८ रोजी ब्लूमबर्गने बातमी दिली की ॲपल मॅक संगणकांत इंटेलऐवजी स्वतःच्या चिप वापरायच्या तयारीत आहे, आणि हा बदल लवकरात लवकर २०२० मध्ये सुरू होईल. योजनेचं अंतर्गत नाव ‘कलामाटा’ असल्याचंही त्यात होतं. त्या दिवशी इंटेलचा शेअर एका टप्प्यावर ९ टक्क्यांच्या आसपास घसरला होता. पुढे २२ जून २०२० ला ॲपलने हा बदल जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे पहिले मॅक आले.

हे भाकीत खरं ठरलं म्हणून ते चांगलं, असं म्हणून थांबू नका. नेम न धरता मारलेला दगडही कधी कधी आंब्याला लागतो. हे भाकीत चांगलं होतं कारण ते चुकू शकत होतं. कोणाची चिप जाणार, कोणाची येणार, कोणत्या यंत्रात आणि साधारण कधी, हे सगळं त्यात होतं. २०१९ मध्येच असा मॅक आला असता तर बातमी चुकली असती. २०२२ उजाडला तरी काहीच घडलं नसतं, तर लोकांनी तिच्यावर बोट ठेवलं असतं. कार्ल पॉपर यांच्या नावाने आपण कोर्सवर्कमध्ये जी खंडनक्षमता शिकतो ती हीच. कोणत्या परिस्थितीत आपण चुकलो असं मान्य करू, हे विधानातच दिसलं पाहिजे.

आता याच्या शेजारी नेहमीचं वाक्य ठेवून बघा: ‘कंपनी भविष्यात अधिक प्रगत आरोग्य सुविधांवर काम करत असल्याचे समजते.’ हे वाक्य कधी चुकेल? कधीच नाही. म्हणूनच त्यातून काही कळतही नाही.

दहा तोंडं, एकच गोष्ट

दुसरं उदाहरण २०२१ चं. ॲपल वॉच सीरिज ७ येणार होतं. मे महिन्यात जॉन प्रॉसर यांनी त्या घड्याळाची संगणकीय चित्रं प्रसिद्ध केली. त्यात कडा सपाट होत्या, तेव्हाच्या आयफोनसारख्या. घड्याळाचं रूप बदलणार असं मिंग-ची कुओ यांच्यासारखे विश्लेषकही सांगत होते. मग याच रूपाची आणखी चित्रं आली. पुढे तर सपाट कडांच्या नकली घड्याळांचे फोटो फिरू लागले. मूळ घड्याळ आलं नव्हतं, नक्कल मात्र हजर!

१४ सप्टेंबर २०२१ ला खरं घड्याळ आलं. कडा गोलच होत्या. स्क्रीन मोठी झाली होती आणि ४१ व ४५ मिलिमीटर हे आकार मात्र लीकमध्ये होते तसेच निघाले.

इथे थांबून विचार करू. ऑगस्टमध्ये हे लेख वाचणाऱ्याला काय दिसत होतं? अनेक लेख, अनेक चित्रं, वर नकली घड्याळं. एवढे लोक सांगताहेत म्हणजे खरंच असणार, असं कोणालाही वाटेल. पण नक्कल करणाऱ्याला ते रूप कुठून कळलं असेल? फिरत असलेल्या त्याच माहितीवरून कळलं असण्याची शक्यता किती मोठी आहे! तसं असेल तर ती नक्कल हा नवा पुरावा नाही, तो जुन्याच पुराव्याचा प्रतिध्वनी आहे.

सामाजिक शास्त्रांत आपण ‘त्रिकोणीकरण’ शिकतो, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या मार्गांनी तपासणं. त्यातला कळीचा शब्द ‘वेगवेगळ्या’ हा आहे. दहा स्रोत एकाच झऱ्याचं पाणी पीत असतील तर तुमच्याकडे स्रोत एकच. आपल्या प्रबंधांतही हे सर्रास होतं. एखादा आकडा पाच शोधनिबंधांत सापडतो, आपण पाचही संदर्भ देतो, आणि पाचही जण एकाच जुन्या अहवालावरून उतरवत असतात. म्हणून पहिला नियम: संदर्भ मोजू नका, मूळ मोजा.

आणि आकार बरोबर आले ना? हो. मग या लीकला उत्तीर्ण म्हणायचं की नापास? एकच गुण देता येत नाही, कारण ‘लीक’ हे एक विधान नव्हतंच. ते विधानांचं गाठोडं होतं. गाठोडं सोडा आणि एकेक विधान वेगळं तपासा. मुलाखतींची सामग्री आपण जशी वेगवेगळ्या संकेतांत विभागतो, तसंच.

कोण बोललं?

विंडोजचं उदाहरण संगणकवाल्यांना पाठ असेल. मे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका परिषदेत जेरी निक्सन या कर्मचाऱ्याने बोलता बोलता विंडोज १० ला विंडोजची शेवटची आवृत्ती म्हटलं. सॉफ्टवेअर आता सेवेसारखं सतत अद्ययावत होत राहील, असा त्याचा रोख होता. कंपनीने नंतर याच दिशेचं स्पष्टीकरण दिलं आणि पुढच्या नावाबद्दल काही सांगायचं टाळलं. पण तोवर बातमी पसरली होती: मायक्रोसॉफ्ट म्हणतं, विंडोज १० शेवटचं. जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झालं, ऑक्टोबरमध्ये ते आलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला.

इथे स्रोत खोटा नव्हता. माणूस खरा, वाक्य खरं, जागाही खरी. घसरण झाली ती ‘एक कर्मचारी म्हणाला’ पासून ‘कंपनीने ठरवलं’ पर्यंतच्या प्रवासात. तुम्ही प्राचार्यांची मुलाखत घेता आणि ‘महाविद्यालयाचे धोरण असे आहे’ असं लिहिता, तेव्हा हीच घसरण होते. कोण, कोणत्या अधिकाराने, कशाबद्दल बोललं, हे तिन्ही लिहायला हवं.

कागद खरा, निष्कर्ष ताणलेला

आता विषय गंभीर होतो. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ ‘लवकरच’ येणार, हे आपण कित्येक वर्षं वाचतोय. २०२१ मध्ये या चर्चेला एक दस्तऐवज मिळाला. रॉकली फोटॉनिक्स ही प्रकाशावर चालणारे सेन्सर बनवणारी कंपनी. शेअर बाजारात येताना तिला जी कागदपत्रं द्यावी लागली, त्यांत ॲपल हा तिचा सर्वात मोठा ग्राहक असल्याचं दिसलं. मग लोकांनी साखळी जोडली: रॉकली आरोग्याचे सेन्सर बनवते, ॲपल तिचा ग्राहक आहे, म्हणजे पुढच्या घड्याळात साखर मोजता येणार. पुढची घड्याळं आली, साखर काही आली नाही. जानेवारी २०२३ मध्ये रॉकलीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला.

या साखळीतली पहिली दोन विधानं भक्कम आहेत. तिसरं त्यांच्यातून निघत नाही. ग्राहक असणं म्हणजे प्रयोग करत असणं, आणि प्रयोग करणं व विकायला काढणं यांत कधी कधी दशकं जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्लूमबर्गनेच दिलेल्या बातमीनुसार ॲपलचा हा प्रकल्प स्टीव्ह जॉब्स यांच्या काळापासून चालू आहे, आणि तेव्हाचा नमुना दंडाला बांधायच्या आयफोनएवढ्या आकाराचा होता. मनगटावर यायला अजून काही वर्षं लागतील, हे त्या बातमीत होतं. पण मूळ बातमीतलं ‘काही वर्षं’ हे इतरांच्या मथळ्यांत येईपर्यंत ‘लवकरच’ होऊन जातं.

यात कोणाचं काय बिघडतं, असं विचाराल. बिघडतं. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर इशारा दिला. त्वचेला छेद न देता स्वतःच साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका, असं त्यांनी सांगितलं. अशी उपकरणं डझनावारी कंपन्या बनवत होत्या आणि ती ऑनलाइन विकली जात होती. त्वचेखाली बारीक सेन्सर बसवणारी मान्यताप्राप्त यंत्रं वेगळी. त्यांचे आकडे घड्याळावर नुसते दाखवणं हीसुद्धा वेगळी गोष्ट, आणि तिला हा इशारा लागू नव्हता.

विचार करा. चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणी इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ‘येणार, येणार’ हे वर्षानुवर्षं ऐकल्यावर ‘आलं’ हा खोटा दावा खपवणं सोपं होतं. अंदाज लिहिणाऱ्यांनी ती नकली घड्याळं विकली नाहीत हे खरं. पण ती खपायला लागणारी जमीन भुसभुशीत करण्यात त्यांचाही वाटा आहे, असं माझं मत आहे.

यंत्राकडे बघत राहिलो, काम दुसरीकडे चालू होतं

मला सर्वात बोलकं वाटतं ते रक्तदाबाचं उदाहरण. नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्क गुरमन यांनी ब्लूमबर्गमध्ये लिहिलं की २०२४ च्या ॲपल वॉचमध्ये उच्च रक्तदाब आणि झोपेत श्वास अडखळणं म्हणजे स्लीप ॲप्निया, हे दोन्ही ओळखण्याची सोय येईल. सप्टेंबर २०२४ मध्ये सीरिज १० आलं. स्लीप ॲप्नियाची सूचना आली, रक्तदाबाची नाही. ती सप्टेंबर २०२५ मध्ये सीरिज ११ सोबत आली.

गुण किती द्याल? अर्धे? एक बरोबर, दुसरं एक वर्ष उशिरा? पण खरी मेख गुणांत नाही. ही रक्तदाबाची सूचना सॉफ्टवेअर अपडेटमधून जुन्या सीरिज ९ लाही मिळाली. स्लीप ॲप्नियाची सूचनाही सीरिज ९ वर चालते. आणि सीरिज ९ बाजारात आलं होतं सप्टेंबर २०२३ मध्ये. म्हणजे पुढच्या वर्षीच्या घड्याळात काय असेल याची बातमी लिहिली जात होती, तेव्हा त्यासाठी लागणारं यंत्र लोकांच्या मनगटावर आधीच बांधलेलं होतं!

मग मधल्या काळात काय चाललं होतं? तेच, जे आपण शिकायला आलोय. प्रकाशाच्या सेन्सरने रक्तवाहिन्यांच्या स्पंदनाची जी नोंद होते, तिच्यातून ३० दिवसांचा कल शोधणारी गणितं तयार करणं, ती माणसांवर तपासणं आणि नियामकाची परवानगी मिळवणं. ॲपलने सांगितल्यानुसार गणित घडवायला एक लाखाहून अधिक सहभागींची माहिती वापरली गेली आणि २,००० हून अधिक लोकांवर ते पडताळलं गेलं.

पडताळणीचा निकालही वाचण्यासारखा आहे. संवेदनशीलता सुमारे ४१ टक्के, विशिष्टता सुमारे ९२ टक्के. सोप्या मराठीत: उच्च रक्तदाब असलेल्या १०० जणांपैकी ४१ जणांना सूचना मिळेल, ५९ जणांना मिळणार नाही. रक्तदाब नसलेल्या १०० जणांपैकी ८ जणांना उगाच सूचना मिळेल. घड्याळ रक्तदाबाचा आकडा देतच नाही. ‘तुम्हाला उच्च रक्तदाब असू शकतो, तपासून घ्या’, एवढंच सांगतं. प्रत्येक रुग्ण यात सापडेलच असं नाही, हे कंपनीनेही म्हटलं आहे. त्यामुळे घड्याळ गप्प आहे म्हणजे रक्तदाब ठीक आहे, असा अर्थ घेता येणार नाही.

हे वाईट आहे का? नाही. ज्याने कधी दंडाला पट्टा बांधून घेतला नाही, अशा माणसाला डॉक्टरकडे पाठवायला हे उपयोगी पडू शकतं. माझी तक्रार अंदाजाच्या लेखांबद्दल आहे. ‘येणार की नाही’ आणि ‘कधी येणार’ यावर त्यांनी भरपूर लिहिलं. ‘आलं तर कितपत बरोबर सांगेल’ हा प्रश्न क्वचितच विचारला. यंत्राचा आकार, कडा, रंग, सेन्सर यांची चर्चा सोपी असते, कारण त्यांचं चित्र काढता येतं. पडताळणीचं चित्र निघत नाही.

दुसरी बाजू

या लेखनाला सरसकट मोडीत काढणं मात्र अन्याय होईल. मे २०२५ च्या अखेरीस बातमी आली की ॲपल आपल्या सगळ्या प्रणालींना सलग क्रमांकाऐवजी वर्षाचा क्रमांक देणार. ९ जूनला नेमकं तेच घडलं. वॉचओएस ११ नंतर थेट वॉचओएस २६, मॅकओएस १५ नंतर मॅकओएस २६. विधान ठोस, मुदत जवळची, निकाल स्पष्ट. चाचणी आवृत्तीच्या कोडमधल्या खुणा, नियामकांकडच्या नोंदी, हे तर प्राथमिक स्रोतच आहेत. ते चिकाटीने खणून काढणाऱ्यांकडून आपण शिकावं. कंपन्या जे लपवतात ते बाहेर यावं, यात वाचकाचं हितही आहे.

म्हणजे दोष अंदाज करण्यात नाही. आपलं गृहीतकही अंदाजच असतं. दोष हा की अंदाजाचा हिशेब कोणी ठेवत नाही. नवा सप्टेंबर आला की मागच्या सप्टेंबरची वही फाडली जाते.

तुमच्या आराखड्यासाठी

आता कामाचं बोलू. समजा, ग्रामीण भागातल्या मधुमेही रुग्णांवर कोणाला संशोधन करायचं आहे, आणि आराखड्यात लिहिलंय की सामग्री स्मार्टवॉचने गोळा केली जाईल, कारण असं तंत्रज्ञान येऊ घातलं आहे. मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न असेल, ‘आज काय आहे?’ उद्याच्या यंत्रावर आजची संशोधन पद्धती उभी करू नका. ‘आगामी’, ‘लवकरच’, ‘अपेक्षित’ हे शब्द आराखड्यात शोधा आणि प्रत्येकासमोर विचारा: हे आलंच नाही तर माझा प्रबंध उभा राहतो का?

शिवाय एक सराव करून बघा. वहीत पाच रकाने आखा. पहिल्यात एकच विधान, गाठोडं नको. दुसऱ्यात मूळ स्रोत. तिसऱ्यात मुदत. चौथ्यात ‘कशाने चुकीचं ठरेल’. पाचव्यात तुम्हाला वाटणारी शक्यता, टक्क्यांत. येत्या घड्याळाबद्दलची किंवा लॅपटॉपबद्दलची दहा विधानं आजच लिहून ठेवा आणि निकाल लागला की गुण द्या.

गुण द्यायची पद्धत तयारच आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये ती मांडली. घटना घडली तर १, नाही घडली तर ०. तुमच्या शक्यतेतून हा निकाल वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.७ वजा १, त्याचा वर्ग ०.०९. घडलं नाही तर ०.४९. जितका आकडा कमी तितकं चांगलं. प्रत्येक वेळी ५० टक्के म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात. दहा विधानांची सरासरी काढा. ती ०.२५ च्या वर गेली, तर ‘माहीत नाही’ म्हणणारा तुमच्यापेक्षा बरा ठरला.

चौथा रकाना भरताना हात अडखळेल. बहुतेक लेखांतल्या विधानांसमोर तो कोराच राहील. ज्यांच्यासमोर कोरा राहील ती विधानं खोडून टाका. दहातली किती उरली ते मोजा, आणि मग हीच चाळणी स्वतःच्या आराखड्यातल्या गृहीतकांना लावा.